शिंपल्याच्या मुठीचं पिस्तूल

जयवंत मेहेरांनी ते पिस्तूल मला पहिल्यांदा दाखवलं ते दवाखान्यातल्या माझ्या ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये ठेवून. ट्रे नुकताच निर्जंतुक होऊन आला होता. कात्र्या, चिमटे, कापसाचे बोळे, आणि त्यांच्या शेजारी यांच्या पँटच्या खिशातून निघालेलं, घामाने ओलसर झालेलं पिस्तूल. आले होते रक्तदाब तपासायला.

"ते उचला," मी म्हटलं.

"सिस्टर, बघा तरी काय हाय ते."

"बघितलं. उचला. सगळा ट्रे आता परत उकळायला टाकावा लागणार."

त्यांनी लगेच उचललं नाही. एकदा माझ्याकडे, एकदा ट्रेकडे बघत राहिले. चेहरा असा, की नवा जावई पाहुण्यांसमोर आणून उभा केलाय आणि कोणी त्याचं गावसुद्धा विचारत नाही. मी हाताला पट्टा बांधला, आकडा लिहिला, गोळ्या बदलायला हव्यात असं डॉक्टर म्हणाल्याचं सांगितलं. ते पिस्तूल उचलून, रुमालात पुसून, नाराज होऊन निघून गेले. त्यांना माझ्याकडून एकच प्रश्न हवा होता. "हे कुठलं हो?" एवढाच. त्या प्रश्नासाठीच त्यांनी ती वस्तू घेतली होती, हे माझ्या हळूहळू लक्षात आलं.

बोईसरला आमच्या सोसायटीत ते तळमजल्यावर राहायचे आणि मी त्यांच्या बरोबर वर. मूळचे सातपाटीचे. वडिलांची बोट होती, पण जयवंतभाऊंना दर्या मानवला नाही. आधी बोटींची मोडकी इंजिनं विकत घ्यायचे, मग कारखान्यांकडे वळले. तारापूरच्या एमआयडीसीतलं भंगार, म्हणजे गंजलेले पाइप, रिकामे ड्रम, मोडलेल्या टाक्या, उचलायचा ठेका त्यांच्याकडे होता. या धंद्यात माणसं गोड बोलत नाहीत. ट्रक अडवतात, काचा फोडतात, सळया घेऊन येतात. एकदा यांच्या ड्रायव्हरचं डोकं फुटलेलं मीच शिवायला घेतलं होतं. तेव्हा या माणसाने पिस्तुलाचा परवाना काढला याबद्दल माझी काही तक्रार नाही. रीतसर अर्ज केला, पोलीस चौकशीला आले, परवाना मिळाला. तक्रार पुढची आहे.

दुकानदाराने त्यांना जे सगळे घेतात तेच दाखवलं होतं. सरकारी कारखान्यात बनलेलं, बत्तीस बोअरचं साधं रिव्हॉल्व्हर. गोळ्या दुकानात मिळतात, बिघडलं तर दुरुस्त करणारा मिळतो, आणि समोरच्याला लांबूनही कळतं की हे काय आहे. जयवंतभाऊंनी नाक मुरडलं. हे ते स्वतःच रंगवून सांगायचे.

"ते काय, सगल्यांकडंच हाय. रेतीवाल्याकडं हाय, बारवाल्याकडं हाय, वाणगावच्या त्या मिरचीवाल्याकडंपन हाय. कमरेला पाण्याचा पंप बांधल्यासारकं दिसतं. आपलं काय निरालं नको?"

मग डहाणूकडच्या एका चिकूच्या वाडीतल्या म्हाताऱ्या मालकाकडे त्यांना हे सापडलं. त्याच्या आजोबांनी परदेशातून आणलेलं. कागदपत्रं करून, परवानगी घेऊन यांनी ते आपल्या नावावर केलं. माझ्या तळहातात मावेल एवढं. काळसर पोलाद, कडा गोल झालेल्या, आणि मुठीला दोन्ही बाजूंनी शिंपल्याच्या चकत्या बसवलेल्या. उजेडात धरलं की त्या चकत्यांवर गुलाबी, हिरवा, मग पुन्हा गुलाबी असा रंग सरकत जायचा. सुंदर होतं, हे मी नाकारत नाही. लोखंडाच्या ढिगात आयुष्य गेलेल्या माणसाला त्याची भुरळ पडावी, हेही मला समजतं. पण सुंदर वस्तू भिंतीवर लावतात. हा माणूस ती गोळ्या भरून खिशात घेऊन फिरायचा.

खिशातही एका जागी नाही. कधी मोज्यात, कधी चष्म्याच्या घरात, कधी जेवणाच्या डब्याच्या वरच्या कप्प्यात. खालच्या कप्प्यांत भात आणि बोंबलाचं कालवण, वर पिस्तूल. सुमनवहिनी, म्हणजे त्यांची बायको, डबा घासताना मला म्हणाल्या होत्या, "ताई, कालवनाला तेलाचा वास येतो म्हनून माज्यावरच ओरडतात. तेल कोनाचं ते नाय बोलत." मी त्या दिवसापासून त्यांच्या घरचं कालवण खाणं सोडलं.

हॉटेलात बसले की ते टेबलावर ठेवायचं आणि वर कागदी रुमाल घालायचा. पूर्ण झाकायचं नाही. शिंपल्याचा कोपरा दिसला पाहिजे. वेटर दचकायचा, शेजारच्या टेबलावरचा कोणीतरी मान वळवायचा, आणि जयवंतभाऊ खुलायचे. मग ते सगळ्यांच्या हातांतून फिरायचं. कोंबडीच्या रश्शाची बोटं त्या मुठीवर. देण्याआधी ते मुठीतला गोळ्यांचा खण काढून घ्यायचे, वरचा भाग एकदा मागे ओढून सोडायचे, घोडा दाबायचे, टक् असा आवाज व्हायचा, आणि म्हणायचे, "खाली हाय, खाली हाय." म्हणजे रिकामं. हा त्यांचा विधी होता. मी सोसायटीच्या पूजेच्या जेवणात हा विधी पाहिला आहे. प्रसादाच्या ताटाशेजारी.

त्याच जेवणात त्यांच्याच धंद्यातला एक जण, ज्याच्याकडे ते साधं रिव्हॉल्व्हर होतं, त्यांना म्हणाला, "मेहेरशेठ, माझी गोळी दुकानात मिळते. तुमची कुठं मिळते?"

"मिलतच नाय," जयवंतभाऊ अभिमानाने म्हणाले. "मुंबईला जाऊन आलो. दुकानदार बोलला, या मापाची गोली पाहून वर्सं झाली. म्हातार्‍याने दिल्या तेवढ्याच हायत."

"मग झाडून पाहिलं कधी?"

"वेडा हायस काय? संपतील ना."

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ज्या हत्याराची गोळी मिळत नाही, जे चालतं की नाही हे माहीत नाही, ते हा माणूस जिवाच्या रक्षणासाठी बाळगतो आणि त्याचंच कौतुक सांगतो. आमच्याकडे एखादा पेशंट एक्सपायरी संपलेली गोळी रंग छान आहे म्हणून घ्यायला लागला तर मी त्याला काय म्हणेन?

एकदाच ते उपयोगात आणायची वेळ आली. ती गोष्ट मला त्यांच्या ड्रायव्हरने सांगितली, तोच तो डोकं फुटलेला. भंगाराच्या गोडाउनच्या फाटकाशी दुसऱ्या ठेकेदाराची पोरं आली होती. शिवीगाळ झाली. जयवंतभाऊंनी खिशात हात घातला आणि पिस्तूल बाहेर काढून समोर धरलं. पोरं थांबली. नीट बघायला लागली. मग त्यांतला एक पुढे झाला, कानामागची सिगारेट काढून ओठांत धरली आणि म्हणाला, "अरे वा, चाचा, लायटर तो मस्त है. जरा जलाओ."

बाकीची पोरं पोट धरधरून हसली. हसता हसता भांडणातली हवाच गेली आणि ती निघून गेली. दुसऱ्या कोणी ही गोष्ट मरेपर्यंत लपवली असती. जयवंतभाऊ ती मला जिन्यात अडवून सांगायला लागले.

"सिस्टर, बघितलंत? त्याना कललंच नाय! आयुष्यात असं बघितलंच नाय त्यानी!"

"त्यांना कळलं नाही म्हणूनच ते तुमच्या अंगावर आले असते."

"तुमाला नाय समजायचं," ते म्हणाले. खरंच नव्हतं समजत.

घरात मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांचा मुलगा नीलेश नाशिकला नोकरीला. त्याला चार वर्षांची मुलगी, आर्या. गणपतीत सगळे आले होते. आजोबा दुपारचे झोपलेले, आणि आर्या त्यांच्यासारखं दिसायचं म्हणून चष्म्याचं घर घेऊन आईकडे आली, "उघडून दे." आईने उघडलं. आत चष्मा नव्हता.

वर माझ्या घरात मला फक्त नीलेशचा आवाज ऐकू आला. तो मुलगा एरवी तोंडातून शब्द काढत नाही. गणपती अजून बसलेले होते, तरी त्याने संध्याकाळी गाडी काढली. दारात आईला म्हणाला, "आई, ते घरात हाय तवर आर्या इथं येनार नाय. तू नाशिकला ये."

सुमनवहिनी नाशिकला कशा जाणार? यांना दुपारी गरम भाकरी लागते आणि मासळी दुसऱ्या कोणाच्या हातची चालत नाही. जयवंतभाऊ खुर्चीत बसून होते. कपाटात कुलूप लावून ठेवा एवढंच त्यांना मी, शेजारच्यांनी, सगळ्यांनी सांगून पाहिलं.

"कपाटात ठेवायला घेतलंय काय?" ते म्हणाले. "कपाटात कोन बघनार?"

नात येत नाही याचं दुःख त्यांना नव्हतं असं नाही. पण नात आणि ती वस्तू यांत नातीने जरा समजून घ्यावं, असं त्यांचं मत होतं. चार वर्षांच्या मुलीने.

मग लोकसभेची निवडणूक आली. आचारसंहिता लागली की परवानाधारकांना आपापली हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. बाकीचे लोक कपाळाला आठ्या घालून जातात आणि पावती घेऊन येतात. जयवंतभाऊ इस्त्रीचा सदरा घालून गेले. रांगेत सगळ्यांच्या हातात हत्यारं, तीही उघडी, आणि सगळ्यांची सारखी. त्यांना आणखी काय हवं? हवालदाराला म्हणे ते उघडायचं कसं ते सापडेना, आणि त्यामुळे रांग खोळंबली. हा त्यांच्या आयुष्यातला मोठा दिवस असावा.

घरी आल्यावर मात्र त्यांना घोर लागला. समुद्रावरची खारी हवा, पोलिसांची कोंदट खोली, आत गंज चढेल. जमा करण्याआधी त्यांनी पिस्तुलाला आतून-बाहेरून खोबरेल तेल चोपडलं होतं. दुकानदाराने त्यांना हत्याराचं पातळ तेल दिलं होतं, आणि बजावून सांगितलंही होतं. पण ते सगळेच लावतात. "आमच्या आईने कोयते, सुऱ्या, सगल्याना खोबरेलच लावलं. कवा गंज नाय बघितला," असं ते म्हणाले. कोयत्याला आतून काही भाग नसतात, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

पिस्तूल पोलिसांकडे गेलं त्याच आठवड्यात आर्या आली. शाळेला सुट्टीच होती. खालच्या घरातून दिवसभर पळण्याचा, पडण्याचा, रडण्याचा आवाज. सुमनवहिनी तिला काटे काढून पापलेट भरवायच्या, संध्याकाळी नवापूरच्या किनाऱ्यावर न्यायच्या. वहिनींना मी त्याआधी कधी गाताना ऐकलं नव्हतं. बाहेर लाउडस्पीकरवर उमेदवारांची नावं घेत रिक्षा फिरायच्या आणि या आत नातीचे केस विंचरत काहीतरी गुणगुणायच्या. जयवंतभाऊही खेळायचे तिच्याशी. घोडा व्हायचे. वाईट आजोबा नव्हते ते, रिकाम्या खिशाचे असले तर.

निकाल लागले, पिस्तूल परत आलं, नात गेली.

"ताई, पुडली निवडनूक कवा?" वहिनींनी मला विचारलं. त्या कपडे वाळत घालत होत्या.

"कसली?"

"कसलीपन. ग्रामपंचायतीची असली तरी चालेल."

त्या हसल्या नाहीत. विधानसभेला आर्या पुन्हा आली, दिवाळीत, थोडे दिवस. मग ते पिस्तूल परत घरात, आणि पुढच्या कुठल्याशा निवडणुकीची तारीख काही लागेना. पेपरात निवडणूक लांबल्याची बातमी आली की सबंध तालुक्यात उमेदवारांखालोखाल वाईट वाटायचं ते सुमनवहिनींना.

त्यानंतरच्या थंडीत ते घडलं. रविवार होता, सकाळची दहाची वेळ. थंडी म्हणजे आमच्याकडे फार नाही, पण बाटलीतलं खोबरेल गोठून पांढरं होण्याइतकी. जयवंतभाऊ जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून पिस्तूल साफ करायला बसले होते. दोनदा पोलिसांकडे जाताना चोपडलेलं तेल आत चिकटून, धूळ धरून, मेणासारखं झालेलं. टेबलाच्या दुसऱ्या बाजूला वहिनी कोलंबी सोलत होत्या. यांनी नेहमीचा विधी केला. खण काढला, वरचा भाग मागे ओढून सोडला. एरवी नळीत राहिलेली गोळी ओढताना उडून बाहेर पडायची. त्या दिवशी चिकट तेलात सगळंच अर्धवट सरकलं. गोळी आतच राहिली.

"खाली हाय," असं ते म्हणाले. वहिनींनी मला नंतर सांगितलं. बोलले आणि घोडा दाबला.

मला वरती फटाक्यासारखा आवाज आला. मग काहीतरी पडल्याचा. मी खाली गेले तेव्हा दार उघडंच होतं. वहिनी खुर्चीतच होत्या. डावा हात समोर धरलेला, तळव्यातून आरपार गोळी गेलेली, रक्त कोलंबीच्या ताटात. ओरडत नव्हत्या. मी त्यांची ओढणी ओढून घेतली, हात वर धरला, दाबून बांधायला लागले. "बोटं हलवा," म्हटलं. तीन हलली. दोन नाही.

"जयवंतभाऊ, रिक्षा आणा," मी ओरडले.

मी वळून पाहिलं. ते जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. मला वाटलं, चक्कर आली. रक्तदाबाचा माणूस. तेवढ्यात ते टेबलाखालून सरकत माझ्या पायाशी आले.

"सिस्टर, जरा पाय बाजूला घ्या."

"काय?"

"हातातून पडलं ना ते. मुठीचा टवका उडालाय. शिंपल्याचा. हितंच कुटंतरी असंल."

मी नर्स आहे. कुजलेल्या जखमा धुतल्या आहेत, यंत्रात गेलेल्या हातांची उरलेली बोटं पिशवीत भरली आहेत, अळ्या काढल्या आहेत. मला कधी माणसाची किळस आली नव्हती. त्या सकाळी आली. मी वहिनींना धरून उठवलं आणि समोरच्या घरातल्यांना हाक मारली. त्यांच्या स्कूटरवरून आम्ही गेलो. निघताना पाहिलं तेव्हा ते मोबाइलची बत्ती लावून कपाटाखाली बघत होते.

दवाखान्यात ते अर्ध्या तासाने पोचले. सदरा बदलून. डॉक्टरांनी तोवर जखम स्वच्छ केली होती. पुढे मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं होतं, शिरा जोडायला. त्याआधी कागदावर कारण लिहायचं होतं. गोळीची जखम असली की पोलिसांना कळवावं लागतं, त्यात डॉक्टरच्या हातात काही नसतं. पण सांगणाऱ्याने दुसरं काही सांगितलं तर निदान वेळ काढता येतो, हे जयवंतभाऊंना ठाऊक होतं. ते डॉक्टरांच्या टेबलाशी वाकले.

"डॉक्टरसाहेब, मासली साफ करताना सुरा घुसला, असं लिवा. घरातलीच गोष्ट हाय."

"मेहेर, मला सुऱ्याची जखम कळते," डॉक्टर म्हणाले. "बाई शुद्धीवर आहेत. त्यांना विचारतो. बोला हो, कसं लागलं?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं.

"ताई, पोलीस आले तर ते घेऊन जातील ना?"

"नेतील."

"निवडनुकीसारकं? मागनं परत देतील?"

"नाही. अशा प्रकारात परवाना जातो. परत मिळणं कठीण आहे."

"सुमन," जयवंतभाऊ म्हणाले, "डोकं जागेवर ठेव. असलं दुसरं नाय मिलायचं."

वहिनींनी डोळे मिटले. मला वाटलं, शुद्ध हरपतेय, म्हणून मी नाडी धरली. नाडी ठीक होती. त्या डोळे न उघडता डॉक्टरांना म्हणाल्या, "यांच्या पिस्तुलाची गोली लागली. टेबलावर बसल्या बसल्या. लिवा."

डॉक्टरांनी लिहिलं. जयवंतभाऊ भिंतीला टेकून उभे राहिले. बायकोच्या हातातून गोळी गेली तेव्हा जो चेहरा व्हायला हवा होता, तो तेव्हा झाला.

त्या पिस्तुलातून त्यांच्या हातून सुटलेली ती एकच गोळी. पुढे केस झाली, परवाना रद्द झाला, पिस्तूल पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत गेलं. वहिनींच्या हाताचं ऑपरेशन झालं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आजही वळत नाही. कोलंबी सोलायला वेळ लागतो त्यांना. पण उन्हाळ्यात आर्या येते, सगळी सुट्टी राहते. निवडणूक असो नसो. आजीची ती दोन ताठ बोटं धरून ती जिना चढून माझ्याकडे येते आणि फ्रीजमधला बर्फ मागते.

जयवंतभाऊ गेल्या महिन्यात रक्तदाब तपासायला आले होते. बारीक झालेत. खुर्चीवर बसले, हात पुढे केला, आणि मी पट्टा बांधायच्या आत दुसऱ्या हाताने खिशातून काहीतरी काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवलं. रक्तदाबाच्या गोळ्यांची प्लॅस्टिकची छोटी डबी. झाकण उघडलं. आत कापूस, कापसावर शिंपल्याचा नखाएवढा टवका. गुलाबी, मग हिरवा.

"ओलखा काय हाय," ते म्हणाले. "असला शिंपला आपल्या दर्यात नाय मिलत."

"उचला," मी म्हटलं.

थांबले ते, पूर्वीसारखेच. मग झाकण लावून डबी खिशात घातली. मी आकडा लिहिला, ट्रे उचलला आणि उकळायला टाकायला आत निघाले. दारातून मागे पाहिलं. बाहेरच्या बाकावर कारखान्यातला एक कामगार बोटाला फडकं बांधून बसला होता. जयवंतभाऊ त्याच्या शेजारी टेकले. डबी काढली, नुसती मांडीवर ठेवली, झाकण अर्धं उघडं. समोर बघत बसले.

"चाचा," कामगाराने मान वाकडी करून विचारलं, "क्या है ये?"

इतका उजळलेला चेहरा मी त्यांच्या घरात नात आली तेव्हाही पाहिला नव्हता.